कळलावीचा कंद आणि आजोबांचं हृदय

मुलांनो, कळलावी पाहिलीय का तुम्ही? शहरातल्या मुलांनी कदाचित पाहिली नसेल. पण कोकणात, घाटात, रानाच्या कडेला राहणाऱ्यांना विचारा. पावसाळा अर्धा सरला की ही वेल कुंपणावरून वर चढू लागते. तिच्या पानाचं टोकच गोल वळतं आणि शेजारच्या काटकीला घट्ट धरतं. फूल तर असं, की सहा ज्वाळा वर उसळल्यात! बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल. आणि फूल जुनं होत गेलं की सगळंच लाल. म्हणून तिला अग्निशिखा म्हणतात. जमिनीत तिचा कंद असतो, नांगरासारखा वाकडा. लांगल म्हणजे नांगर, म्हणून तिचं आणखी एक नाव लांगली. आमच्याकडची जुनी माणसं खड्यानाग म्हणतात. तमिळनाडूचं तर हे राज्यफूल आहे. आमच्या भागात गौरीच्या पूजेत ही फुलं हटकून असतात.

गेल्या वर्षी गणपती आठ दिवसांवर आले होते. माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा पिशवीत काहीतरी घेऊन आला. मधल्या सुट्टीत हळूच माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "बाई, हा कळलावीचाच कंद आहे ना? ओळखायला आणलाय."

"हो, तोच. पण तुला कशाला हवाय?"

"आजोबांना. हृदयाचं औषध आहे. काकाच्या मोबाइलवर आलंय, अमेरिकेनं मान्य केलंय म्हणून. आजी उद्या सकाळी उगाळून देणार आहे."

खरं सांगते, माझ्या पोटात गोळाच आला. आधी त्याचे हात साबणानं धुवायला लावले. पिशवी कपाटात ठेवून कुलूप घातलं. आणि शाळा सुटल्यावर त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेले.

आजोबा पडवीत खुर्चीवर बसले होते. दोन महिन्यांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. पहाटे चारला छातीत दुखायला लागलं. पित्त झालं असेल म्हणून आधी सोडा घेतला, मग ओवा चावला, मग छातीला तेल चोळून घेतलं. तालुक्याच्या गावाला पोचेपर्यंत दुपारचे बारा वाजले होते. पुढं शहरात नेऊन अँजिओप्लास्टी झाली. जीव वाचला, पण आता अंगणातून विहिरीपर्यंत चालले तरी त्यांना धाप लागते.

आजी म्हणाल्या, "बाई, झाडपाल्याचंच आहे, त्यानं काय होतंय? त्या गोळ्या गरम पडतात हो."

मी म्हटलं, "आजी, खड्यानाग खाऊन गुरं मरतात, हे तुम्हालाही ठाऊक असेल की."

"ते खरं. पण मोबाइलवर आलंय ना!"

काका आले, त्यांनी संदेश दाखवला. मी तो दोनदा वाचला आणि गप्प झाले. कारण त्यातलं निम्मं खरं होतं! कळलावीतल्या एका द्रव्याला हृदयरोगावरचं औषध म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्यानं जून २०२३ मध्ये खरोखरच मान्यता दिली आहे. पुढचं निम्मं, म्हणजे कंद उगाळून घ्या, 'ब्लॉकेज विरघळतात', 'मेलेलं हृदय जिवंत होतं', हे मात्र खोटं आणि भयंकर होतं. काका म्हणाले, "बाई, खोटं असेल तर खोटं म्हणा, आणि खरं असेल तर खरं म्हणा." असं एका शब्दात मला म्हणता येईना. मी चार दिवस मागून घेतले. तोवर कंदाला हात लावायचा नाही, असं आजींकडून गणपतीची शपथ घालून कबूल करून घेतलं.

चार दिवसांचे पुढं दोन महिने झाले. मी काही डॉक्टर नाही. डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका. आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना मी इतके प्रश्न विचारले, की मला बघितलं की ते हसायला लागत. त्या सगळ्या खटाटोपातून जे कळलं ते तुम्हाला सांगते. आई-बाबांनाही जवळ बसवून घ्या.

आधी हृदयाकडं जाऊ. तुमची मूठ वळा. साधारण एवढं तुमचं हृदय. ते मिनिटाला सत्तर वेळा आकुंचन पावतं असं धरा आणि गुणाकार करा : ७० गुणिले ६० गुणिले २४. उत्तर येतं १,००,८००. म्हणजे दिवसाला एक लाखाहून जास्त ठोके, आणि एकही सुट्टी नाही. हे काम करतात हृदयाच्या स्नायूंच्या पेशी. त्यांना सतत रक्तातून प्राणवायू लागतो. तो पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या हृदयाच्या बाहेरच्या अंगानं, वेलीसारख्या, पसरलेल्या असतात. त्यातली एखादी गुठळीनं बंद झाली, की तिच्यावर अवलंबून असलेल्या पेशी गुदमरतात. साधारण वीस मिनिटं त्या तग धरतात. मग मरायला लागतात, आधी हृदयाच्या आतल्या बाजूच्या, मग हळूहळू बाहेरच्या बाजूच्या. पहिल्या काही तासांत बराचसा भाग जातो. आता पहाटे चार ते दुपारी बारा, हे आठ तास पुन्हा आठवा. (मुलांनो, घरात कुणाच्या छातीत असं दुखलं, घाम फुटला, दुखणं हाताकडं किंवा जबड्याकडं सरकलं, तर ओवा शोधत बसू नका. १०८ नंबर लावा. हे तुम्हालाही जमेल.)

"पण बाई, मेल्या तर मेल्या, नव्या येतील की!" असं तुम्ही म्हणाल. गुडघा खरचटला तर आठवड्यात नवी कातडी येते ना! हृदयाचं तसं नाही. हे कसं शोधलं गेलं ती गंमत ऐका. १९५५ ते १९६३ या काळात मोठ्या देशांनी उघड्या हवेत खूप अणुबॉम्ब फोडून पाहिले. त्यामुळं हवेत कार्बन-१४ नावाचा किरणोत्सारी कार्बन वाढला. झाडांनी तो हवेतून घेतला, माणसांनी झाडांपासून मिळालेलं अन्न खाल्लं. पुढं चाचण्या बंद झाल्या आणि त्याचं हवेतलं प्रमाण वर्षावर्षानं कमी होत गेलं. म्हणजे ज्या वर्षी पेशी तयार झाली, त्या वर्षाची खूण तिच्यात राहिली, जणू जन्मदाखलाच! स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या योनास फ्रिसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दाखला वाचला आणि २००९ साली सांगितलं, की पंचविसाव्या वर्षी माणसाच्या हृदयातल्या स्नायूपेशींपैकी वर्षाला साधारण शंभरात एक नवी होते. पंचाहत्तराव्या वर्षी तर शंभरात अर्धीसुद्धा नाही. बॉम्बमधून असं काही कळेल हे तो फोडणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

म्हणून मेलेल्या पेशींच्या जागी हृदयात नवा स्नायू येत नाही, व्रण तयार होतो. व्रण आकुंचन पावत नाही. आजोबांना धाप लागते ती त्यामुळं.

आता पेशी मरते म्हणजे काय होतं? मलाही वाटायचं, मरणं ते मरणं, त्यात प्रकार कसले! पण आहेत. कौलारू घराचं उदाहरण घ्या. एखादं घर वादळात रात्रीत कोसळतं. वासे मोडतात, भिंती रस्त्यावर पडतात, शेजाऱ्यांचं अंगणही भरून जातं. झटक्यात प्राणवायू तुटलेल्या पुष्कळ पेशी अशा मरतात. फुटतात, आणि आतलं सगळं बाहेर सांडतं.

दुसरं घर जुनं झालं म्हणून मालक स्वतः उतरवून घेतो. आधी कौलं काढून रचून ठेवतो, मग वासे, मग दारं-खिडक्या. शेजाऱ्याला धूळसुद्धा लागत नाही. पेशीही अशी स्वतःला नीट आवरून घेते. आतल्या वस्तूंच्या छोट्या छोट्या पुरचुंड्या बांधते, आणि शेजारच्या पेशी त्या उचलून संपवतात. १९७२ साली जॉन कर, अँड्र्यू वायली आणि अ‍ॅलिस्टर करी या तिघांनी या मरणाला अ‍ॅपॉप्टॉसिस हे नाव दिलं. ग्रीक भाषेतला शब्द आहे, अर्थ काय माहितीये? झाडाची पानं किंवा फुलाच्या पाकळ्या गळणं. आपल्याकडं नेमका शब्द आहे, पानगळ! पावसाळ्यात डबक्यात बेडकाची पिल्लं पाहता ना, त्यांचं शेपूट जातं कुठं? या पानगळीत. आईच्या पोटात तुमचे हात आधी वल्ह्यासारखे होते, बोटांच्या मधल्या पेशी अशाच गळाल्या तेव्हा पाच बोटं सुटी झाली. एका इवल्याशा जंताच्या वाढीत १,०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या नेमक्या १३१ ठरल्यासारख्या मरतात, ९५९ उरतात. हे मोजत बसणाऱ्यांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळालं. (परीक्षेला १,०९० वजा १३१ नक्की घालणार आहे मी!)

आणि तिसरं घर पेटतं. पेटलेलं घर नुसतं पडत नाही, ते गावभर आरडाओरडा करवतं. २००१ साली अशा मरणाला पायरॉप्टॉसिस, म्हणजे अग्निमरण, असं नाव मिळालं. पेशीच्या आत धोक्याची घंटा असते. ती वाजली की पेशी फुगून फुटते आणि बाहेर रसायनांच्या हाका धाडते. हाकेला धावून येतात रक्तातल्या पांढऱ्या पेशी. त्या रोगजंतू मारायला, कचरा उचलायला येतात, पण गर्दीत आसपासच्या चांगल्या पेशींनाही तुडवतात. आग विझवायला आलेल्या माणसांनी शेजारच्या परसातली भाजी तुडवावी, तसं. गंमत म्हणजे रोगजंतू नसला तरी ही घंटा वाजते. रक्तवाहिनीच्या भिंतीत साठलेल्या कोलेस्टेरॉलच्या बारीक स्फटिकांनीसुद्धा ती वाजते, हे २०१० साली कळलं. मग भिंतीत कायमची धुसफूस. त्या धुसफुशीनं चरबीचा थर कमकुवत होऊन एक दिवस फाटतो, तिथं रक्ताची गुठळी होते, आणि झटका येतो.

आता पुन्हा कळलावीकडं येऊ.

तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन नावाचं द्रव्य असतं. हे नाव पडलं तिच्या युरोपातल्या भावकीवरून, कोल्चिकम या शरद ऋतूत फुलणाऱ्या जांभळट फुलाच्या झाडावरून. गाऊट म्हणजे पायाचा अंगठा सुजून ठणकणारा आजार. त्यावर हे झाड शेकडो वर्षांपासून वापरात होतं. १८२० साली पेल्तिए आणि काव्हांतू या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्यातलं द्रव्य वेगळं काढलं. त्याच वर्षी त्यांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीनही काढलं. मोठी कामसू जोडी! आज तमिळनाडूत शेतकरी कळलावीची रीतसर शेती करतात, तिच्या बिया औषधांच्या कारखान्यांना जातात.

कोल्चिसिन करतं काय? आपल्या प्रत्येक पेशीत बारीक नळ्यांचा सांगाडा असतो. मांडवाला बांबू असतात तसा. फरक एवढाच, की पेशी हे बांबू सतत सोडते आणि पुन्हा बांधते. कोल्चिसिन या बांबूंच्या तुकड्यांना जाऊन चिकटतं, मग ते एकमेकांना जोडले जात नाहीत. पांढऱ्या पेशीला सरपटत जायचं तर हा मांडव लागतो. धोक्याची घंटा जुळवायलाही तो लागतो. कोल्चिसिन पांढऱ्या पेशींत जास्त साठतं, म्हणून अगदी थोड्या मात्रेतही त्यांची धावपळ मंदावते. दाह कमी होतो.

पण एका पेशीच्या दोन व्हायच्या तरी हाच मांडव लागतो. मात्रा वाढली की ज्या ज्या जागी पेशी रोज नव्या होतात तिथं काम थांबतं : आतड्याचं अस्तर, हाडातला मगज, केसांची मुळं. आधी उलट्या-जुलाब, मग एकेक अवयव बंद पडत जातो. यावर हमखास उतारा देता येईल असं औषध दवाखान्यात मिळत नाही. (याच गुणाचा शेतीतज्ज्ञांनी मात्र छान उपयोग केला. कलिंगडाच्या रोपाला कोल्चिसिन लावून पेशींचं विभाजन अर्ध्यावर अडवलं, गुणसूत्रं दुप्पट झाली, आणि त्यातून पुढं बिनबियांची कलिंगडं आली. जपानमधल्या हितोशी किहारा यांचं हे काम.)

म्हणजे सगळा खेळ मात्रेचा. हृदयरोगासाठी मान्यता मिळालेली गोळी आहे अर्ध्या मिलिग्रॅमची. तांदळाचा एक दाणा साधारण वीस मिलिग्रॅम भरतो. त्याचे चाळीस भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे एका दिवसाचं औषध! आता सांगा, सहाणेवर कंद उगाळताना आजी चाळिसावा भाग कसा मोजणार? आणि कुठल्या कंदात किती द्रव्य आहे हे कंदाकडं बघून कसं कळणार? जागेनुसार, हंगामानुसार ते बदलतं.

ही मात्रेची गोष्ट डॉक्टरांनाही कुणीतरी शिकवावी लागली. १७७५ साली इंग्लंडमध्ये विल्यम विदरिंग नावाच्या डॉक्टरांना अंगावर पाणी भरणाऱ्या रुग्णांसाठीचा एक घरगुती काढा दाखवण्यात आला. श्रॉपशायरमधल्या एका म्हातारीनं तो गुपित म्हणून जपला होता. त्यात वीस-बावीस वनस्पती होत्या. विदरिंग स्वतः वनस्पतींचे जाणकार. त्यांनी ओळखलं, की खरं काम त्यातलं एकच झाड करतंय, फॉक्सग्लव्ह म्हणजेच डिजिटॅलिस. मग दहा वर्षं त्यांनी पानं कधी तोडायची, कशी सुकवायची, किती द्यायची आणि कधी थांबायचं याच्या नोंदी ठेवल्या आणि १७८५ साली दीडशेहून जास्त रुग्णांच्या हकिगती छापल्या. ज्यांना त्रास झाला त्यांच्याही! मला हा माणूस त्यासाठीच आवडतो. त्याच जातीच्या दुसऱ्या झाडातून निघालेलं डिगॉक्सिन आजही काही रुग्णांना देतात. १९९७ साली सुमारे ६,८०० रुग्णांवर तपासल्यावर दिसलं, की त्यानं इस्पितळाच्या फेऱ्या कमी होतात, पण मरणारांचा आकडा कमी होत नाही. दोनशे वर्षं वापरलेल्या औषधाचीही पुन्हा परीक्षा घ्यावी लागते, ती अशी. आणि हो, आपल्या शाळांच्या आवारात असते ती कण्हेर, आणि पिवळ्या फुलांची बिट्टी, यांच्यातही डिजिटॅलिससारखीच द्रव्यं असतात. बिट्टीच्या बियांनी खेळताना त्या तोंडात घालू नका, बरं का!

कोल्चिसिनचीही परीक्षा झाली, आणि निकाल एकसारखे आले नाहीत. इथंच मला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

परीक्षेची रीत अशी. हजारो रुग्णांचे दोन गट करतात. एकाला खरी गोळी, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कुणाला कोणती, हे रुग्णालाही माहीत नसतं आणि डॉक्टरलाही नाही. बाकीची नेहमीची औषधं दोन्ही गटांना चालूच राहतात. २०१९ साली ४,७४५ रुग्णांची अशी परीक्षा जाहीर झाली. सगळ्यांना नुकताच, महिन्याभराच्या आत, झटका येऊन गेलेला. पुन्हा झटका, पक्षाघात यांसारखी मोठी संकटं साध्या गोळीच्या गटात हजारातल्या ७१ जणांवर आली, कोल्चिसिनच्या गटात ५५ जणांवर. २०२० साली ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समधल्या ५,५२२ जुन्या हृदयरुग्णांत हे आकडे ९६ आणि ६८ असे आले. मान्यता मिळाली ती या जोरावर.

मग २०२४ साली सगळ्यांत मोठी परीक्षा जाहीर झाली. १४ देशांतले ७,०६२ रुग्ण, नुकताच झटका आलेले. आकडे आले ९३ आणि ९१. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच!

आणि झटका चालू असतानाच हे औषध दिलं तर मरणाऱ्या पेशी वाचतील का? ग्रीसमध्ये १५१ रुग्णांवर करून पाहिलं, तेव्हा २०१५ साली उत्तर आलं : हो, मेलेला भाग लहान राहिला. फ्रान्समध्ये १९२ रुग्णांवर करून पाहिलं, २०२१ साली उत्तर आलं : नाही, काही फरक नाही. तुम्ही विचाराल, मग खरं कोण? दोघंही खरंच बोलत होते. थोड्या माणसांत कधी कधी नुसत्या योगायोगानंही फरक दिसतो. नाणं दहादा उडवून सात वेळा छापा आला म्हणून नाणं खोटं ठरत नाही. घरी उडवून बघा.

हळदीतलं कर्क्युमिन, द्राक्षाच्या सालीतलं रेस्व्हेराट्रॉल यांच्याबद्दलही तुम्ही ऐकाल. काचेच्या बशीतल्या पेशींवर, उंदरांच्या हृदयावर ही द्रव्यं घातली की पेशी कमी मरतात, असे पुष्कळ प्रयोग झाले आहेत. प्रयोग खरे आहेत. पण त्यांतून झटक्यात माणसाच्या हृदयपेशी वाचवणारं मान्य औषध अजून निघालेलं नाही. बशीतून माणसापर्यंतची वाट फार लांब असते, आणि बहुतेक द्रव्यं त्या वाटेवर गळतात. वर्तमानपत्रातली 'हळदीनं हृदयरोग बरा' असली शीर्षकं वाचली की मला हल्ली राग येतो. हळद भाजीत घाला, छान लागते.

दोन महिन्यांनी मी पुन्हा त्या पडवीत गेले. आरोग्य केंद्रातले डॉक्टरही बरोबर आले होते. काकांना मी सगळं सांगितलं : मान्यतेचं खरं आहे, पण ती मोजलेल्या गोळीला आहे, कंदाला नाही. ती गोळीही पुढचा झटका टाळायला, मागचा पुसायला नाही. ब्लॉकेज त्यानं विरघळत नाहीत. डॉक्टर म्हणाले, आजोबांच्या मूत्रपिंडाचं काम आधीच थोडं कमी आहे, अशा माणसाला तर कोल्चिसिन फार जपून द्यावं लागतं, आणि काही साध्या औषधांबरोबरही ते चढतं. त्यांनी आजोबांच्या गोळ्या एकेक करून हातात घेतल्या आणि ही कशाची, ही कशाची, हे आजींना समजावलं. दोन गोळ्या आजींनी महिनाभरापासून दिल्याच नव्हत्या! गरम पडतात म्हणून. त्यातली एक स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणूनची होती. डॉक्टर एकदम गप्प झाले, आणि मग फार हळू आवाजात त्यांनी ती गोळी न देण्यानं काय झालं असतं ते सांगितलं. आजींनी पदर तोंडाला लावला. मला कंदाचीच धास्ती होती, या गोळ्यांचं तर माझ्या मनातही आलं नव्हतं.

काकांनी तो संदेश ज्यांना पुढं पाठवला होता त्या सगळ्यांना दुसरा पाठवला. शब्द त्यांचेच होते : 'कळलावीचा कंद खाऊ नका, मरायला होईल, मी विचारून घेतलंय.'

नंतर एकदा वर्गात मी कार्बन-१४ ची गोष्ट सांगितली. सांगून झाल्यावर तो मुलगा पाटीवर बराच वेळ काहीतरी करत बसला होता. मग उठून म्हणाला, "बाई, आजोबांच्या वयाला वर्षाला शंभरात अर्धी नवी होते ना? म्हणजे सगळ्या नव्या व्हायला दोनशे वर्षं!"

म्हटलं, "गणित बरोबर आहे. पण व्रणाच्या जागी तेवढंही होत नाही रे."

त्यानं पाटी पुसली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून विचारलं, "बाई, आज मधल्या सुट्टीत घरी जाऊन येऊ? आजी गौरीला माहेरी गेलीय. आजोबांची जेवणानंतरची गोळी मी देतो."